इंद्रायणीच्या रोपांवर नॅक जनुकं मोजताना: जुलै ते नोव्हेंबरच्या नोंदी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, दोघींनी मिळून केलेला: भाताच्या रोपाचं पाणी तुटलं की नॅक घराण्यातली जनुकं किती चालू होतात, ते मोजायचं. पुढच्या बॅचला हाच विषय मिळणार आहे असं कळलं, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या झाडूनपुसून इथे ठेवते. सिद्धान्त वर्गात शिकवलाय. इथे मुख्यतः काय फसलं ते आहे.

२२ जुलै

मूळ बेत अॅराबिडॉप्सिसचा, म्हणजे प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या छोट्या झाडाचा होता. त्यातली सीयूसी१ आणि सीयूसी२ ही दोन्ही जनुकं बिघडली की दोन बीजपत्रं सुटी न होता कडेने जुळतात आणि रोप चक्क पेल्यासारखं दिसतं. मध्ये शेंडाच धरत नाही. हे डोळ्यांनी बघायचं आणि फोटो काढायचे, म्हणून दोन आठवडे स्लाइड्स रंगवल्या.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बी कुठून आणणार?" ओहायोच्या स्टॉक सेंटरमधून बी मागवायचं तर दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती-वाण जपणाऱ्या सरकारी संस्थेची आयात-परवानगी लागते. तोवर आमचं सेमिस्टर संपलेलं असणार. शिवाय दुहेरी बिघाडाची रोपं शेंड्याअभावी मरतात, त्यामुळे वाण जपायचा तर एक प्रत शाबूत असलेली झाडं पाळून पिढी दर पिढी निवड करावी लागते, हे आम्ही वाचलंच नव्हतं. आणि या झाडाला २२ अंशांची खोली हवी. आमच्या ग्रोथ रूमचा एसी मार्चपासून आजारी आहे.

"अगं, घरचं पीक सोडून कुठे निघालात?" इति मॅडम. तर आता भात, आणि तोही इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा वाण, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातला. बी तासाभराच्या अंतरावर, परवानगी कोणाचीच नको.

जनुकांचं घराणं मात्र तेच ठेवलं. नॅक हे नाव तीन जनुकांच्या आद्याक्षरांचं आहे: पिटुनियातलं नॅम, अॅराबिडॉप्सिसमधली एटीएएफ आणि वर आलेली सीयूसी. नॅम आणि सीयूसी अवयवांच्या सीमा आखतात, म्हणजे इथे एक पान संपलं, इथून दुसरं सुरू. याच घराण्यातली भातातली एसनॅक१ पाणी तुटलं की जागी होते. कोंब घडवणारे आणि दुष्काळ ओळखणारे एकाच कुळातले, एवढ्या एका गोष्टीवर आमचा प्रकल्प उभा आहे.

२९ जुलै

मावळातल्या एका शेतकऱ्याकडून दोन किलो साळ आणली. (पार्टनरने आधी दुकानातून इंद्रायणीचा तांदूळ आणला होता. तो भिजत घातल्यावर लॅबचे मामा म्हणाले, "भात लावायचाय की शिजवायचाय?")

तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ बी काढलं, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. शेतकरी करतात तेच. तळाशी बसलेलं बी तीन वेळा साध्या पाण्याने धुतलं. पुढे कोणी मिठाच्या ताणावर काम करणार असेल तर पाच वेळा धुवा. २४ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधलं. आजी मटकीला मोड आणते तसंच, फक्त उबेला कपाटाऐवजी इन्क्युबेटर.

३ ऑगस्ट

मोड आलेलं बी ट्रेमध्ये पेरून गच्चीवर ठेवलं. सकाळी ट्रेत फक्त कोकोपीट. कबुतरं.

५ ऑगस्टला पुन्हा पेरलं, वर क्रिकेटची जुनी जाळी.

१९ ऑगस्ट

रोपं छान आहेत, अडचण दुष्काळाची आहे. बेत साधा होता, निम्म्या कुंड्यांचं पाणी तोडायचं. १० ऑगस्टपासून तोडलंय. आज नववा दिवस, बोट खुपसलं तर आत गार ओल. पुण्यातला ऑगस्ट, त्यात कोकोपीट, त्यात पत्र्याखाली कोंदट हवा. पानं इतकी ताठ की आपल्यालाच लाज वाटावी. 'दुष्काळ' असं लेबल लावलेल्या कुंडीत बारीक शेवाळ धरलंय.

मॅडम म्हणाल्या, पावसाळ्यात कुंडीतला दुष्काळ विसरा, पीईजी वापरा. पीईजी ६००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) पाण्यात विरघळतं, मुळांच्या आत शिरत नाही, पण पाणी धरून ठेवतं. २० टक्के द्रावणात मुळांना पाणी ओढणं साधारण उणे ०.५ मेगापास्कल इतकं जड होतं. ताण किती आणि कधी सुरू झाला हे घड्याळ लावून सांगता येतं. कुंडीत ते कधीच सांगता आलं नसतं.

नऊ दिवस गेले.

३ सप्टेंबर

आज पहिला ताण दिला. चार आठवड्यांची रोपं कुंडीतून उपटली, नळाखाली मुळं धुतली, निम्मी साध्या पाण्याच्या बीकरात आणि निम्मी पीईजीत. दीड तासात पीईजीतली पानं सुरळीसारखी गुंडाळली. पानाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या फुगीर पेशींतलं पाणी गेलं की पान मिटतं. बघायला फार समाधान वाटलं. सहा तासांनी आरएनए काढण्यासाठी (जनुक जितकं चालू, तितकं त्याचं आरएनए जास्त) पानं कापली, द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटली आणि पूड उणे २० च्या फ्रीजरमध्ये ठेवली.

एकूण चार चुका झाल्या, त्यातल्या तीन वरच्याच परिच्छेदात आहेत. तेव्हा एकही दिसली नाही.

नायट्रोजन भोसरीच्या बाजूने आणला. पाच लिटर घेतला, साध्या थर्मासमधून रिक्षाने येईपर्यंत तीन उरला. खल आधी फ्रीजरमध्ये गार करा, नाहीतर तडकतो. आमचा एक गेला.

५ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्तीसाठी सकाळी नऊपासून वीज बंद. जनरेटर फक्त ऑफिसला. संध्याकाळी फ्रीजर उघडला तर पूड ओली, हिरवी चटणी झालेली. बारा नमुने गेले. पान फुटलं की पेशींतली आरएनए तोडणारी एन्झाइम मोकळीच असतात, ती फक्त थंडीने गप्प बसलेली असतात. पूड नुसती ठेवायचीच नाही. त्याच दिवशी ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या रसायनात) घालायची, १०० मिलिग्रॅमला एक मिली. ट्रायझॉलमध्ये ती एन्झाइम मरतात, मग फ्रीजरने दगा दिला तरी निभावतं. ही चूक क्रमांक एक.

मग गणपती. ७ ते १७ सगळं बंद.

२० सप्टेंबर

उरलेल्या कुंड्यांवर पुन्हा तोच प्रयोग, तसाच उपटून. यावेळी पूड थेट ट्रायझॉलमध्ये. एक कुंडी जागेअभावी राहून गेली. तिची पानं उभ्या झाडावरूनच कापून ट्रायझॉलमध्ये टाकली, 'जास्तीची' असं लिहून. पुढे हीच कुंडी कामाला आली.

२३ सप्टेंबर

आरएनए काढला, जेलवर चालवला, म्हणजे लांबीप्रमाणे त्याचे तुकडे वेगळे केले. दोन पट्ट्या दिसायला हव्यात, दिसल्या पाच. आरएनए तुटलं असं ठरवून आम्ही सहा नळ्या, उरलेल्या ट्रायझॉलसकट, सिंकमध्ये ओतल्या. मग सिनियरने जेल बघितलं आणि कपाळावर हात मारला. हिरव्या पानात हरितलवकांचेही स्वतःचे रायबोसोम असतात, त्यांचं आरएनए वेगळ्या लांबीचं, त्यामुळे जास्तीच्या पट्ट्या दिसतातच. तुटलेलं आरएनए पट्ट्यांत नाही, खाली ओघळल्यासारखं दिसतं. आमच्या पट्ट्या धारदार होत्या. पाठ्यपुस्तकातलं चित्र बहुतेक वेळा प्राण्यांच्या पेशींचं असतं, हे लक्षात ठेवा.

चांगलं आरएनए स्वहस्ते फेकलं. उरलेल्या नळ्यांमध्ये प्रत्येक गटाचे दोनच नमुने राहिले. वर ट्रायझॉल सिंकमध्ये ओतल्याबद्दल मामांनी वेगळं सुनावलं, आणि बरोबरच सुनावलं. ते फिनॉल आहे, त्याची बाटली वेगळी असते.

३० सप्टेंबर

प्राइमर आले, म्हणजे पीसीआर मशीनमध्ये हव्या त्याच जनुकाच्या प्रती वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे. सहा जोड्या, एका बेसला १४ रुपये, जीएसटी धरून चार हजारांच्या आसपास. एसनॅक१, ओएसनॅप, ओएसनॅक१० ही तीन नॅक, आणि तुलनेला, ताणात बदलत नाहीत असं धरलेली अॅक्टिन, यूबीक्यू५, ईईएफ१-आल्फा.

ओएसनॅक१० वर माझी फार आशा होती. हे जनुक फक्त मुळांत जोरात चालवलं तर मुळं सव्वापट जाड होतात आणि दुष्काळात उत्पन्न टिकतं, असं २०१० साली कोरियन गटाने दाखवलंय. अवयवाची घडण आणि ताण यांचा सांधा एकाच जनुकात. आमच्या प्राइमरने मेल्ट कर्व्हला (वाढलेले तुकडे तापवून काढलेल्या आलेखाला) दोन शिखरं दिली, म्हणजे दोन वेगळे तुकडे वाढतायत. तापमान चार वेळा बदलून पाहिलं. नाही. सोडून दिलं.

आज आणखी एक. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या नळीत काहीच वाढायला नको, तिथे सत्ताविसाव्या सायकलला रेघ वर आली. म्हणजे आरएनएत डीएनए मिसळलेलं. डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावून पुन्हा केलं, रेघ गेली. ही नळी वाचवू नका. प्लेटमधल्या एका खळग्याचे पैसे वाचतात आणि महिन्याचं काम खोटं ठरतं.

७ ऑक्टोबर

पहिला निकाल. एसनॅक१ पीईजीमध्ये कंट्रोलच्या (साध्या पाण्यातल्या रोपांच्या) १.४ पट.

वूहानच्या हुआजोंग कृषी विद्यापीठातल्या गटाने २००६ साली याच जनुकावर गाजलेलं काम केलं. पाणी तुटलं की हे जनुक मुख्यतः पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींत चालू होतं. ते वाढवलेल्या भाताने फुलोऱ्यातल्या कडक दुष्काळात शेतावर २२ ते ३४ टक्के जास्त दाणे भरले. त्याची आमच्याकडे १.४ पट. पार्टनर म्हणाली, इंद्रायणीच आळशी असेल.

संध्याकाळी नुसते सीटी आकडे (रेघ कितव्या सायकलला वर येते ते; जितकी उशिरा, तितकं आरएनए कमी) बघत बसलो. अॅक्टिनचा सीटी पीईजीत कंट्रोलपेक्षा उशिरा. आरएनए सगळीकडे मोजून सारखंच घातलेलं. म्हणजे ताणात अॅक्टिन स्वतःच खाली उतरतंय, आणि ज्या दगडाने तोलायचं तोच झिजतोय. यूबीक्यू५ धरून गणित केलं तर तेही १.४ राहिलं नाही, फरक जवळजवळ शून्य. भातात यूबीक्यू५ आणि ईईएफ१-आल्फा सर्वांत स्थिर राहतात हे दिल्ली विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्येच तपासून ठेवलंय. आम्ही अॅक्टिन घेतलं, कारण मागच्या बॅचने घेतलं होतं. चूक क्रमांक दोन.

९ ऑक्टोबर

झोप लागत नव्हती, तेव्हा ती 'जास्तीची' कुंडी आठवली. तिचं आरएनए आज चालवलं.

न उपटलेल्या झाडाच्या पानात एसनॅक१ चा सीटी आमच्या कंट्रोलपेक्षा दोन सायकलनी उशिरा. म्हणजे साध्या पाण्यात सुखाने उभं आहे असं आम्ही ज्याला समजत होतो, त्या रोपात जनुक आधीच चौपट चालू होतं! उपटताना मुळांचे बारीक केस तुटले, नळाचा मारा बसला, मातीतून एकदम उघड्या पाण्यात आलं. रोपाच्या दृष्टीने हाच दुष्काळ. पीईजीने त्यावर आणखी किती ओरडायला लावायचं? चूक क्रमांक तीन, आणि सगळ्यांत महाग.

आता चौथी. पानं कोणती कापली, ते वहीत लिहिलंच नव्हतं. पार्टनरला विचारलं. कंट्रोलच्या बीकरात ती हाताला येतील ती खालची पानं कापत होती, पीईजीत वरची, कारण खालची गुंडाळून चिकटली होती. मॅडम पहिल्यांदाच चिडल्या. "नॅक घराणं निवडलंत ना? मग ज्या पानाचं वय माहीत नाही त्यात नॅक मोजून काय सांगणार?" पान म्हातारं व्हायला लागलं की याच घराण्यातली ओएसनॅप वर चढते आणि हिरवेपणा मोडून नत्र वर पाठवायचं काम सुरू करते. जुनं पान आणि तहानलेलं पान, दोन्ही एकाच कुळाच्या भाषेत बोलतात.

मातीतली सगळी माहिती बाद. अडीच महिने.

१० ऑक्टोबर

नवी मांडणी. उपटायचंच नाही. ट्रेवर थर्माकोल, त्याला भोकं, खाली मच्छरदाणीची जाळी, त्यावर मोड आलेलं बी. मुळं पहिल्या दिवसापासून योशिदा द्रावणात, म्हणजे भातासाठीच्या पोषक द्रावणात. ताण द्यायच्या दिवशी रोपांना हात न लावता नळीने द्रावण उपसायचं आणि पीईजी घातलेलं भरायचं. कंट्रोल ट्रेचंही द्रावण तसंच उपसून साधं भरायचं, तेवढाच धक्का त्यालाही. पीईजी दाट असतं, त्यात हवा मुरत नाही, म्हणून माशांच्या टाकीचा पंप दोन्हीकडे. १८० रुपयांत दोन तोंडांचा मिळाला.

२१ ऑक्टोबर

१७ तारखेला पुन्हा दुरुस्तीचा गुरुवार. पाणी बंद, म्हणून डिस्टिलेशन प्लांट बंद. मी कँटीनच्या आरओचं पाणी वापरलं आणि पीएच बघितला नाही. आज नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक. नवं पान पिवळं म्हणजे लोह, जुनं पिवळं म्हणजे नत्र, हे दुसऱ्या वर्षातलं. पीएच ७.३ निघाला, लोह तळाशी बसलं होतं.

५.२ वर आणलं की दोनतीन दिवसांत हिरवं होईल, मग वापरू या, असं मी म्हटलं. मॅडमनी नाही सांगितलं. भातात लोहाची उपासमार ओळखणारं आयडीईएफ२ हेही नॅकच. या घराण्याला सगळ्याच घरात पाय आहेत. ट्रे ओतला. २२ ला नवं बी भिजत घातलं.

२७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर

दिवाळी. ट्रे डिपार्टमेंटमध्ये ठेवले तर द्रावण कोण बदलणार? दोन्ही ट्रे रिक्षाने धायरीला घरी आणले. आईने फराळाच्या डब्यांची जागा काढून घेतल्याबद्दल कुरकुर केली, पण रोज सकाळी पीएचची पट्टी बुडवून तीच बघायची. रात्री गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा उजेड थेट ट्रेवर पडत होता, म्हणून सात वाजता खोका पालथा घालायचा. भाऊबीजेला भाऊ म्हणाला, तुझा भात लवकर झोपतो.

४ ला ट्रे परत नेले, चार दिवस हात लावला नाही. रिक्षातले हादरे विसरायला वेळ द्यावा म्हणून.

८ नोव्हेंबर

ताण. सकाळी नऊला द्रावण बदललं. शून्य तासाचे नमुने बदलायच्या आधी, मग सहा तासांनी पीईजी आणि कंट्रोल दोन्ही एकाच वेळी. पूर्वी कंट्रोल सकाळी कापून मोकळे व्हायचो. पण कित्येक जनुकं दिवसाच्या वेळेप्रमाणेही वरखाली होतात, त्यामुळे तीन वाजताच्या पीईजीला जोडी तीन वाजताच्याच कंट्रोलची हवी. फक्त तिसरं पान, मधला भाग. दुसरं पान वेगळ्या नळीत. प्रत्येक नळीवर रोप, पान, वेळ. लिहायला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

२० नोव्हेंबर

तिसऱ्या पानात एसनॅक१ सहा तासांच्या कंट्रोलच्या साधारण सात पट. यूबीक्यू५ आणि ईईएफ१-आल्फा दोन्ही धरून. शून्य तास आणि सहा तासांचा कंट्रोल यांच्यात जेमतेम फरक. पार्टनरने मशीनसमोरच फोन करून घरी सांगितलं, तिच्या बाबांना काय कळलं देव जाणे.

पण मला जास्त आवडलेला आकडा ओएसनॅपचा. पीईजी न दिलेल्या रोपाच्या दुसऱ्या पानात ते पीईजीतल्या तिसऱ्या पानापेक्षा तिप्पट होतं. टोकाला जरासं पिवळं पडू लागलेलं पान, पाण्यात आरामात उभं, आणि तरी तहानलेल्या तरुण पानापेक्षा वर. सप्टेंबरमध्ये खालचं-वरचं पान मिसळून आम्ही नक्की काय मोजलं असतं, ते आता दिसतंय. एकाच ट्रे-जोडीचा निकाल आहे, त्यामुळे प्रबंधात एवढंच लिहिलंय की आमच्या रोपांत असं दिसलं. मुळांबद्दल काहीच हाती नाही.

२५ नोव्हेंबर

हिशेब. प्राइमर चार हजार, नायट्रोजन तीन फेऱ्यांचा रिक्षासकट सुमारे अडीच हजार, पीईजी चौदाशे, बाकी किरकोळ सहाशे. ट्रायझॉल आणि पीसीआरची बाकी रसायनं डिपार्टमेंटची, त्याची किंमत विचारायची हिंमत झाली नाही. अठरा आठवड्यांपैकी निकालाला लागलेले शेवटचे पाच.

ओएसनॅक१० साठी नवी प्राइमर जोडी आखून ठेवलीय, इंट्रॉनच्या (आरएनएतून गाळल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) दोन बाजूंना, मागवलेली नाही. थर्माकोलच्या प्लेट आणि पंप गच्चीच्या खोलीत, मामांना विचारा. यूबीक्यू५ ची नळी निम्मी भरलेली आहे, फ्रीजरच्या खालच्या खणात निळ्या डबीत. अॅक्टिनचीही तिथेच आहे, झाकणावर लाल फुली मारलीय.